नवव्या ठाण्याची सरळ रेघ

ठाण्यांवरची यंत्रं दुरुस्त करणारा तारवाला सहज बोलून गेला. परिषदेतल्या कॉफीच्या टेबलाशी रांगेत उभा होता, हातात बशी, बशीत चार बिस्किटं आणि पाचव्यावर डोळा. "तुझ्या नवव्या ठाण्याचं यंत्र म्हणजे सोनं आहे बघ," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत त्याला पाना लावायची वेळ आली नाही. एकदाही बिघडलं नाही बेटं." एवढं बोलून त्याने पाचवं बिस्किट उचललं. तिने हसून मान हलवली, कपात साखर टाकली, ढवळायला लागली, आणि तिचा हात मध्येच थांबला. "एकदाही नाही?" तिने विचारलं. "एकदाही नाही." "पण दादा, दोषाच्या चिठ्ठ्या?" "कसल्या चिठ्ठ्या?" "यंत्रदोषाच्या. नवव्याच्या." तारवाल्याने तोंडातला घास गिळला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईला आज बरं नाहीसं दिसतंय. "अगं, नवव्याची चिठ्ठी मला आयुष्यात आली नाही. आणि येईल कशी? दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात जातो, नळीतून तापमापक वर ओढतो, बर्फाच्या पाण्यात बुडवतो. शून्य म्हणजे शून्य. केसाचा फरक नाही. बाकीच्या ठाण्यांवर कोल्हे वायरी कुरतडतात, बॅटऱ्या फुटतात, माझा जीव खातात. नववं आपलं गुणी बाळ." मागचा माणूस खाकरला, तेव्हा ती रांगेतून बाजूला झाली. कप हातात होता, चमचा कपात होता, आणि कानात कोणीतरी दूर पंखा लावावा तसा आवाज सुरू झाला होता.

संस्थेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर बाई आणि पाठीमागे चाळणीबाई, दोन्ही तिला ठाऊक होतं आणि दुसऱ्याचा तिला मनातून थोडा अभिमानच होता. उत्तर ध्रुवाच्या कडेने संस्थेची चाळीस ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावर गोठलेल्या जमिनीत एक मीटर खोल तापमापक सोडलेला होता. तो दिवसातून एक आकडा पाठवायचा, आणि हजारो मैलांवरच्या या शहरात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून बसून ती तो आकडा तपासायची. खरा आकडा आत, खोटा बाहेर. खोटा कसा ओळखायचा, हे तिला थोरल्या सरांनी शिकवलं होतं. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची, नवी नवी, खुर्चीच्या टोकावर बसणारी. सरांनी नवव्या ठाण्याच्या वीस वर्षांच्या वह्या तिच्यापुढे टाकल्या आणि म्हणाले, "या जमिनीने ऐन उन्हाळ्यात जास्तीत जास्त किती मजल मारलीय ते शोधून काढा." तिने पंधरा दिवस वह्या पालथ्या घातल्या. उणे दोन अंश. त्याच्यावर जमीन कधी गेली नव्हती. "मग अर्धा अंश दानधर्माला सोडा," सर म्हणाले, "आणि उणे दीडवर रेघ मारा. त्याच्या वर जो आकडा येईल तो जमिनीचा नाही, यंत्राचा. निसर्ग शिस्तीचा असतो हो, यंत्र चावट असतं." तिने पट्टी ठेवून रेघ मारली. सरांनी ती पाहिली आणि पाठीवर मारावी तशी थाप टेबलावर मारली. तिला त्या दिवशी घरी जाताना रस्ता पायांना लागला नव्हता.

रेघेच्या वर आलेल्या आकड्यापुढे 'यंत्रदोष' असा शिक्का पडायचा आणि तो आकडा बाद व्हायचा. मग त्या तारखेची जागा रिकामी राहायला नको, आलेख तुटायला नको, म्हणून तिथे त्याच तारखेची जुनी सरासरी बसवायची. याला खात्यात ठिगळ म्हणत. सुरुवातीच्या वर्षांत ती दोषाची चिठ्ठी स्वतः हाताने लिहायची, तळघरातल्या वर्कशॉपमध्ये उतरायची, आणि तारवाला ती खिळ्याला टोचून म्हणायचा, "आली का कटकट!" पुढे वर्कशॉप शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. चिठ्ठ्या बंद झाल्या आणि संगणकात एक रकाना आला. तो रकाना वर्कशॉपने दर आठवड्याला उघडून पाहायचा असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, कोणाला सांगितलं, हे आता देवालाच ठाऊक. तिच्या पुढ्यात दर सोमवारी सकाळी चाळीस ठाण्यांची मिळून एक यादी यायची, साठ-सत्तर ओळींची, आणि खाली एक बटण असायचं, 'सर्व मान्य'. ती वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची, घोटभर चहा घ्यायची आणि बटण दाबायची. यादीत नववं ठाणं असायचं. कधी तीन ओळी, कधी पाच. बिचारं जुनं यंत्र, तिला वाटायचं, कुरकुर करायचंच. इतर ठाण्यांवर यंत्र मोडलं की नवं बसायचं, आणि नव्या यंत्राबरोबर नवी रेघ आखायची असा नियम होता. त्यामुळे तिथल्या रेघा वर्षांगणिक वर सरकत गेल्या होत्या. नवव्याचं यंत्र मोडलंच नाही. म्हणून त्याची रेघ कोणी हलवलीच नाही. सत्तावीस वर्षांच्या मुलीने पट्टी ठेवून मारलेली रेघ एकतीस वर्षं जागच्या जागी होती. हे सगळं तिला एका क्षणात, एका चमच्याच्या आवाजात कळलं. बशीत कॉफी सांडली होती, ती तिने रुमालाने टिपली.

घंटा वाजली तशी माणसं सभागृहात शिरली आणि तीही त्यांच्याबरोबर ढकलली गेली. ध्रुवप्रदेशाच्या अभ्यासकांची ही परिषद तीन दिवसांची, आणि आजचा शेवटचा दिवस. तीनशे माणसं, गळ्यात बिल्ले, कानात दुभाष्यांचा आवाज ऐकवणारे छोटे कर्णे, दोन दिवसांच्या वाईट बातम्यांनी आंबलेले चेहरे. मंचावर भूगर्भवाला उभा होता. हा मनुष्य एरवी इतकं रडवं बोलायचा, की लोक त्याच्या भाषणाआधी नाश्ता उरकून घेत. त्याने पडद्यावर चाळीस आलेख एकदम टाकले. एकोणचाळीस लाल रेघा उजवीकडे चढत गेलेल्या, काही तर जिन्यासारख्या. आणि मध्ये एक निळी रेघ, आडवी, शांत, समुद्राच्या क्षितिजासारखी. "आणि हे आपलं नववं," भूगर्भवाला म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क ओला झाला. लोक हसले. कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. तिला वाटलं, थांबवा, कोणीतरी यांना थांबवा. शेजारची बाई तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, "तुमचंच ना हे? धन्य आहात." ती हसली. हसू चेहऱ्यावर आलं ते परत कसं न्यायचं ते तिला कळेना.

पहिल्या रांगेत नवव्या ठाण्याच्या गावाची प्रमुख बाई बसली होती. सत्तरीची, ठेंगणी, गुडघ्यांवर दोन्ही हात पालथे ठेवून. त्या किनाऱ्यावर तीन गावं. दोन गावांखालची जमीन विरघळून घरं कलायला लागली होती आणि ती उठवायची होती. कुठे न्यायची, यावर चार वर्षं खल चालला होता, आणि शेवटी सगळ्यांनी निळ्या रेघेकडे बोट दाखवलं. नववं ठाणं जिथे आहे तिथली जमीन घट्ट आहे, काही कारणाने तगून आहे, तर दोन्ही गावांची तीनशे घरं तिथेच बांधायची, शाळा आहेच, दवाखाना नवा घालायचा. आज चार वाजता ठराव होता. ठराव झाला की उन्हाळ्यात बर्फ फुटताच लाकूड आणि सिमेंट घेऊन जहाजं निघणार होती. आणि ठरावाच्या आधी, पाच मिनिटांचा छोटासा कार्यक्रम: एकतीस वर्षं एकाही दिवसाचा खंड न पडलेल्या नोंदीबद्दल चाळणीबाईंना मानचिन्ह. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होत आहेत, तेवढंच आपलं कर्तव्य.

तिथे ती एकदा गेली होती. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, दहा दिवस. सरांनीच पाठवलं होतं, "ज्याचे आकडे तपासता त्याचं तोंड तरी पाहून या." तिला आजही तो दिवस अंगात आठवे. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर येईपर्यंत थिजायचं. तारवाल्याने, तेव्हा तो केसाळ होता, तिच्या हातात पहार दिली आणि म्हणाला, "मार." तिने जीव खाऊन मारली. पहार टणकन उलटली, ठिणगी उडाली, आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. जमिनीवर पांढरा ओरखडासुद्धा उठला नाही. ती वेड्यासारखी हसत सुटली होती. तिच्या लहानपणी घर चार वेळा बदललं होतं, वडील ज्या गोष्टीला हात लावत ती बुडत असे, आईचं म्हणणं एकच, कशाचा भरवसा म्हणून नाही. आणि इथे ही जमीन होती, हजारो वर्षं हलली नव्हती, तिच्या पहारीला भीक घालत नव्हती. ती त्या जमिनीच्या प्रेमात पडली, असं म्हटलं तर लोक हसतील, पण दुसरा शब्द नाही. पुढे सोमवारच्या यादीत नववं ठाणं दिसलं की तिच्या मनात पहिल्यांदा ती ठिणगी यायची. या जमिनीवर कोण संशय घेणार? यंत्राचाच चावटपणा. ती बटण दाबायची.

पडदा बदलला, दुसरा कोणीतरी समुद्राच्या क्षारांबद्दल बोलू लागला, पण तिला निळी रेघच दिसत होती. उठावंसं वाटेना आणि बसवेना. तिने हिशेब करून पाहिला, कदाचित थोडेच दिवस असतील, वर्षाला पाच-सहा, त्याने काय होतंय, पाच-सहा दिवसांनी रेघ हलत नसते. मग दुसरं मन म्हणे, गेल्या सोमवारी किती ओळी होत्या? तिला आठवेना. एकतीस वर्षांत एकही आकडा विसरली नाही अशी जिची ख्याती, तिला गेला सोमवार आठवेना. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सगळे डावीकडे वळले आणि ती उजवीकडे, जिथे कोट टांगून ठेवायची खोली होती. तिथे दोनशे ओले कोट होते, लोकरीचा कुबट वास होता आणि एक स्टूल होतं. ती स्टुलावर बसली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि नवव्या ठाण्याची फाइल उघडली. संकेतशब्द दोनदा चुकला. चाळणी उचलायला एकच आज्ञा लागते: ठिगळं काढ, कच्चे आकडे दाखव. ही आज्ञा तिनेच कधीकाळी लिहून ठेवली होती आणि एकदाही वापरली नव्हती. का वापरली नव्हती? कोणी विचारलंच नव्हतं. तीही विचारत नव्हती.

पडद्यावर आधी बेरीज आली. नऊशे सदतीस. अकरा वर्षांत बाद केलेले दिवस, नऊशे सदतीस. पहिल्या वर्षी सहा. दुसऱ्या वर्षी अकरा. गेल्या वर्षी एकशे अठ्ठावन्न. मग रेघ उमटायला लागली, डावीकडून उजवीकडे, हळूहळू, जुना लॅपटॉप, आणि अर्ध्यापर्यंत ती शहाण्यासारखी आडवी आली. तिला क्षणभर इतका आनंद झाला की तिने शेजारच्या कोणाच्या तरी कोटाची बाही घट्ट धरली. मग रेघ उठली. एकदा उठली ती उठतच गेली. उणे एक, शून्य, शून्याच्या वर, गेल्या उन्हाळ्यात अधिक दोन पूर्णांक तीन. एक मीटर खाली. त्या दिवशी तिथे कोणी पहार मारली असती तर ती मुठीपर्यंत आत गेली असती. आणि यंत्र खरं बोलत होतं. एकतीस वर्षं गुणी बाळासारखं रोज खरं बोलत होतं, आणि ती दर सोमवारी त्याच्या तोंडावर हात ठेवत होती. जितकी जमीन जास्त तापली तितके जास्त दिवस बाद झाले, जितके बाद झाले तितकी ठिगळं लागली, आणि ठिगळं जितकी जास्त तितकी रेघ सरळ. सगळ्या जगात तिचीच रेघ सरळ होती कारण तिथेच सगळ्यात वाईट चाललं होतं. तिच्या तोंडून "अगं आई गं" असं निघालं. हे ती प्रसूतीनंतर पहिल्यांदाच म्हणाली असेल.

तिने नवऱ्याला फोन लावला. नवरा निवृत्त शाळामास्तर, घरी नळवाल्याची वाट पाहत सकाळपासून बसलेला. "मिळालं का मानचिन्ह?" "चारला आहे. अहो, ऐका ना. माझी चूक झालीय." "भाषणात?" "अकरा वर्षांची." पलीकडे नळावर हातोडी आपटल्याचा आवाज आला आणि नवरा कोणाला तरी म्हणाला, जरा थांबा हो. मग तो दुसऱ्या खोलीत गेला असावा. तिने सगळं सांगितलं, रेघ, ठिगळं, नऊशे सदतीस. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हा माणूस बत्तीस वर्षं तिला एक वाक्य पुरं करू देत नव्हता. "दोन महिने राहिलेत गं तुझे," तो शेवटी म्हणाला. "हो." "एवढं केलंस आणि आता शेवटी..." "तीनशे घरं जाणार आहेत हो तिथे राहायला." "तीनशे?" "आणि आधीचं गाव आहेच." "मग मला काय विचारतेस," तो म्हणाला, "तुला ठाऊकच आहे." "विचारत नाहीये. कोणाला तरी सांगायचं होतं." "मी येऊ का तिकडे?" "नको. नळाचं बघा." फोन ठेवल्यावर तिला रडू आलं, दोनशे परक्या कोटांमध्ये बसून, आणि ते आलं तसं गेलंही, कारण अडीच वाजले होते.

परिषदेचा अध्यक्ष तिच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याच्याकडे स्वतःची खोली होती, खोलीत पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या आणि ठरावाच्या प्रती. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही, शेवटी तिचाच चेला. त्याचा रंग उतरला. तो उठला, दार लावलं, परत बसला. "बाई, हे कोणाला सांगितलंत?" "नवऱ्याला." "ठीक. आज नको." "म्हणजे?" "म्हणजे आज नको. समिती नेमू. नीट तपासू. सहा महिन्यांत दुरुस्तीपत्रक काढू." "सहा महिन्यांत जहाजं पोचतील रे." "मग ठरावात तळटीप टाकतो. आकडे फेरतपासणीच्या अधीन आहेत, अशी." "तळटीपेवर कोणी घर बांधतं का?" तो कपाळ चोळायला लागला. "बाई, तुम्ही माझं ऐका. बाहेर आपल्यावर टपून बसलेत लोक. उद्या सगळीकडे एकच ओरड होईल, बघा, हे लोक आकडे बदलतात, ठिगळं लावतात. नववं खोटं तर बाकीची एकोणचाळीस कशावरून खरी? आपलं सगळं काम पाण्यात जाईल. सरांचं काम. या नोंदींच्या मालिकेला सरांचं नाव आहे, बाई." हे मात्र तिला लागलं. कारण यात खोट नव्हती. असंच होणार होतं. एकोणचाळीस खऱ्या रेघा एका खोट्या रेघेपायी लोक तुडवणार होते, आणि ती खोटी रेघ तिची होती. तिने टेबलावरचं पाणी पिऊन टाकलं. "तुला एक विचारू?" ती म्हणाली. "सर असते तर काय म्हणाले असते?" "सर," तो म्हणाला आणि थांबला. "सरांनी मला सोलून काढलं असतं. पण सर नाहीत. मी आहे." "बरं," ती म्हणाली आणि उठली. तो मागून म्हणाला, "बाई, मानचिन्ह घ्या, धन्यवाद म्हणा आणि खाली या. एवढंच. प्लीज." लहानपणी आई पाहुण्यांसमोर असंच सांगायची, नमस्कार कर आणि आत जा.

चार वाजता सभागृहात दिवे जास्त लावले होते. तिचं नाव पुकारलं गेलं. मंचाला चार पायऱ्या होत्या आणि तिला त्या मोजाव्या लागल्या. अध्यक्षाने तिच्या हातात काचेचं काहीतरी जड दिलं. त्यावर तिची निळी रेघ कोरली होती. टाळ्या. तारवाला मधल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. तिला वाटलं, खाली जावं. खरंच वाटलं. दोन महिने, मग घर, नवरा, नळ, दुपारची झोप. तीनशे घरांतल्या एकाही माणसाचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. अध्यक्ष तिच्या कोपराला हळूच धरून पायऱ्यांकडे वळवत होता. तिने कोपर सोडवून घेतलं आणि ती ध्वनिक्षेपकाशी गेली. "ही रेघ खोटी आहे," ती म्हणाली.

लोक हसले. बाई विनयशील आहेत, सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्ष घाईने म्हणाला, "बाईंची नम्रता..." "नम्रता नव्हे," ती म्हणाली. आवाज फाटला होता पण येत होता. "नवव्या ठाण्याची जमीन वितळते आहे. अकरा वर्षं वितळते आहे. यंत्र खरं सांगत होतं. मी त्याचे नऊशे सदतीस दिवस खोटे म्हणून बाद केले आणि त्या जागी जुने आकडे बसवले. मुद्दाम नाही. सवयीने. आज सकाळी मला कळलं. बाकीच्या ठाण्यांचं मी सांगते, तिथल्या रेघा वेळोवेळी नव्याने आखल्यात, तुम्ही तपासा, पाहिजे तेवढं तपासा. पण या जागी घरं बांधू नका." हसू विझायला थोडा वेळ लागला. दुभाषी दोन-दोन सेकंद मागे असतात, त्यामुळे सभागृहात भाषेभाषेने शांतता पसरत गेली, आधी हा कोपरा, मग तो. भूगर्भवाला उभा राहिला आणि बसला. कोणीतरी मागून ओरडलं, "किती अंश?" "अधिक दोन पूर्णांक तीन." कोणीतरी शिवी दिली. तारवाला अजून उभाच होता, दोन्ही हात टाळीसाठी वर धरलेले. अध्यक्षाने ठरावाचे कागद हातात घेतले, त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि कागद उलटे करून टेबलावर ठेवले. "ठराव आज मांडला जाणार नाही," तो म्हणाला. तिला वाटलं, झालं. जे व्हायचं ते झालं. आता लोक बोलतील, ते ती ऐकून घेईल.

मग पहिल्या रांगेतली गावप्रमुख बाई उठली. तिला कोणी ध्वनिक्षेपक दिला नाही, तिने मागितलाही नाही. ती तिथूनच बोलू लागली, मंचाकडे पाहत, अंगावर ओरडत नव्हती, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होती. आधी तिचा चेहरा दिसे आणि मग दोन सेकंदांनी चाळणीबाईंच्या कानातल्या कर्ण्यात शब्द येत. दुभाषी पुरुष होता, दमलेल्या आवाजाचा, आणि त्या आवाजात बाईचं बोलणं ऐकताना कसंतरी होत होतं. "शाळेचं दार लागत नव्हतं," तो आवाज म्हणाला. "तीनदा चौकट बदलली. दार पुन्हा अडकायचं. गावात सुतार एकच, माझा धाकटा भाऊ. तो म्हणायचा, ताई, चौकट सरळ आहे, खालची जमीन हललीय. मी म्हटलं, जमीन हलत नाही, तुझा हात हलतो. तो पीत असे थोडा. सगळेच पितात. मग खिडक्यांच्या काचा तडकल्या. लोक म्हणाले, याने लाकूड चोरलं, याने खिळे कमी ठोकले. सभा भरवली. मी तुमचा कागद नेला होता. ही सरळ रेघ. त्याच्या तोंडासमोर धरली. म्हटलं, हे बघ, शिकलेल्या लोकांनी मोजलंय. दररोज मोजलंय. तो खूप वेळ कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, मग माझंच चुकत असेल."

दुभाषी थांबला. बाई बोलतच होती, ओठ हलत होते, पण तो थांबला होता, कर्ण्यात त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो घसा साफ करून पुढे बोलू लागला. "त्याने हत्यारं शाळेच्या पायरीवर ठेवली आणि तो गेला. पाच वर्षं झाली. दक्षिणेला कुठेतरी आहे म्हणतात. त्याने पुन्हा लाकडाला हात लावला नाही, असं एका खलाशाने सांगितलं. मी तुम्हाला दोष द्यायला उठले नाही. सभा मी भरवली होती. मला एवढंच विचारायचंय, हे त्याला कोण सांगणार?"

अध्यक्ष खाली पाहत होता. तिने काचेचं मानचिन्ह जमिनीवर ठेवलं आणि ती चार पायऱ्या उतरली, या वेळी न मोजता, आणि त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. बाई तिच्यापेक्षा हातभर बुटकी होती. तिच्या गालांवरच्या सुरकुत्या जवळून फार बारीक दिसत होत्या. चाळणीबाईंनी बिल्ल्यामागचा कागद काढला, पेन काढलं, आणि विचारलं, "नाव काय त्याचं?" दुभाष्याने ते त्या बाईच्या भाषेत सांगितलं. बाईने नाव सांगितलं. कर्ण्यात काहीच आलं नाही, नावाचं भाषांतर करायचं नसतं, म्हणून तिने कर्णा कानातून काढून टाकला आणि म्हणाली, "परत सांगा." बाईने परत सांगितलं. तिने ते स्वतः म्हणून पाहिलं. चुकलं. बाईने मान हलवली आणि तिच्या ओठांकडे पाहत, एकेक अक्षर सुटं करून, ते नाव तिसऱ्यांदा सांगितलं.